साखळीला घडी घालायला शिकवू या

प्रति,
मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणारे सर आणि मॅडम,
तसेच रसायनशास्त्राच्या अभ्यासमंडळांवर काम करणारे ज्येष्ठ सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षांपासून रसायनशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.ला पॉलिमरचा, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचा, पेपर माझ्याकडं असतो. हे पत्र त्या पेपरासंबंधी आहे, पण सुरुवात एका काचेच्या नळीपासून करतो. माझ्या मनात हा विषय तिथूनच सुरू झाला.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. दिवेलागणीला माझ्या एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. आभाळ भरून आलं म्हणून तिची आई रानात बनमीवर ताडपत्री ओढत होती, तेवढ्यात पायाला घोणस चावली. मी गाडी काढून ग्रामीण रुग्णालयात पोचलो, तेव्हा डॉक्टरांनी त्या माउलीच्या हातातून थोडं रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलं होतं. नळी टेबलावर उभी होती. "२० मिनिटं कुणी हात लावू नका," एवढंच ते म्हणाले आणि पेशंटकडं वळले. मी घड्याळ बघत बसलो. हजारो परीक्षानळ्या हाताळल्या असतील, पण एका नळीकडं इतका वेळ टक लावून कधी बघितलं नव्हतं. २० मिनिटांनी डॉक्टरांनी ती अलगद तिरपी केली. निरोगी माणसाचं रक्त एव्हाना खरवसासारखं घट्ट बसलं असतं. हे पाण्यासारखं वाहिलं.

घोणशीच्या विषातलं एक प्रथिन रक्तातल्या दहाव्या गोठण-घटकाला चेतवतं, दुसरं पाचव्याला. त्यामुळं रक्त गोठवायची जी सामग्री शरीरानं जपून ठेवलेली असते ती अंगभर विनाकारण खर्च होऊन जाते आणि खऱ्या जखमेच्या वेळी हाताशी काही उरत नाही. वर्गात एन्झाइम शिकवताना आपण 'विशिष्टता' (एका एन्झाइमचं एकच ठरलेलं काम) हा शब्द फळ्यावर किती सहज लिहितो. त्या रात्री तो शब्द नळीच्या काचेवरून ओघळताना दिसला.

उतारा म्हणजे सर्पदंशाची लस. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. भारतातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच असते. तिचं १ मिलीलिटर घोणशीचं किंवा नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. मण्यार आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम. १० मिलीलिटरच्या ८ ते १० कुप्यांपासून सुरुवात करावी लागते. त्या रात्री तिथं होत्या तेवढ्या कुप्या देऊन झाल्या, मग रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला हलवलं. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडावर घाव घातला होता, डायलिसिस करावं लागलं. नवव्या दिवशी माउली घरी आली. आता पुन्हा रानात जाते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात पोरीनं मला विचारलं, "सर, लस म्हणजे शेवटी घोड्याच्या रक्तातलं प्रथिनच ना? आणि प्रथिन म्हणजे पॉलिमर, हे तुम्हीच शिकवलंत. मग असं पॉलिमर आपल्या लॅबमध्ये नाही का करता येणार?"

मी म्हणालो, "नाही बेटा, प्रथिनाची गोष्ट वेगळी असते."

हे उत्तर अर्धवट होतं. त्यानंतर दोन वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. हे पत्र म्हणजे त्या पोरीला द्यायचं राहिलेलं पूर्ण उत्तर आहे. ते तुमच्यापुढं मांडतोय, कारण तिच्यासारखा प्रश्न तुमच्याही वर्गात कुणीतरी विचारणार आहे.

आपण शिकवतो कसं ते आधी बघू. पॉलिमरच्या पेपरात पॉलिथिन, पीव्हीसी, नायलॉन, बेकेलाइट. नायलॉन-६,६ ची कृती लिहा, पाच गुण. प्रथिनं जीवरसायनाच्या पेपरात, दुसऱ्या सरांकडं, दुसऱ्या वहीत. प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक रचना. आकृती काढा, पाच गुण. दोन्ही वह्या एकाच पोराच्या दप्तरात असतात आणि वर्षभर एकमेकींना भेटत नाहीत. मीही असंच शिकवत आलो. खरं तर जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये जेव्हा मांडलं की रबर, सेल्युलोज वगैरे पदार्थ म्हणजे साध्या सहसंयुज बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत, तेव्हा प्रथिनंही त्याच घरातली ठरली होती. घराच्या वाटण्या आपण अभ्यासक्रमात केल्या.

आता आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. बीड-जालन्याकडं तुतीची लागवड किती वाढली ते तुम्ही बघताच. जालन्याला कोषांची बाजारपेठ झाली, पोरं नोकरीची वाट न बघता शेड टाकायला लागली. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये मी अधूनमधून जातो. अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढल्या की दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणतात. एका कोषात जवळपास एक किलोमीटर सलग धागा असतो. अळीच्या अंगात या धाग्याचं प्रथिन पाण्यात विरघळलेल्या, मधासारख्या दाट अवस्थेत असतं. ती मान हलवत हलवत ते ओढते आणि ओढता ओढता त्याचा असा धागा होतो की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ना भट्टी, ना दाब, ना सल्फ्युरिक आम्ल.

हा धागा म्हणजे फायब्रॉइन. त्याच्या साखळीत ग्लायसीन-अ‍ॅलॅनीन-ग्लायसीन-अ‍ॅलॅनीन-ग्लायसीन-सेरीन असे सहाचे गट पुन्हा पुन्हा येतात. इतकी लहान अमिनो आम्लं (प्रथिनाच्या माळेतले मणी) असल्यामुळं साखळ्या एकमेकींना खेटून सपाट थर होतात आणि थरावर थर बसतो. म्हणून पैठणीचा पदर तुटत नाही. शेजारी नायलॉनची दोरी ठेवा. कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत नायलॉन केलं, तेव्हा त्यांनी साखळी जोडायला जो अमाइड बंध वापरला, तोच बंध रेशमात आहे. बंध एक, तरी नायलॉनची साखळी आयुष्यभर दोरीच राहते, आणि प्रथिनाची साखळी कुठं रेशीम होते, कुठं इन्सुलिन, कुठं घोणशीचं विष.

फरक मण्यांचा आणि त्यांच्या क्रमाचा. नायलॉनची माळ एक-दोन जातींच्याच मण्यांची. प्रथिनात २० जातींचे मणी: काही पाण्याला घाबरणारे, काही पाण्यात रमणारे, काही धन, काही ऋण भाराचे. पाण्यात सोडली की ही माळ स्वतःची घडी स्वतः घालते. पाण्याला घाबरणारे आत दडतात, बाकीचे बाहेर राहतात, आणि त्या घडीत एखादी खाच तयार होते जिच्यात एकच विशिष्ट रेणू बसतो. पैठणीची घडी घालताना आपल्या घरातल्या बायका जशी किनार किनारीवर आणतात, तशी इथं घडी कुठं मोडायची हे मण्यांच्या क्रमातच लिहिलेलं असतं. अँफिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज हे एन्झाइम युरिया घालून पूर्ण उलगडलं, घडीला आतून टाचणारे डायसल्फाइड बंधही सोडवले. मग युरिया काढून घेतला तर त्याची घडी पुन्हा आपोआप बसली आणि ते कामालाही लागलं. १९७२ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. आणि साखळीला कोणकोणत्या कोनांत वळता येतं याचा नकाशा आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात, रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये काढला. आजही जगात कुठंही प्रथिनाची रचना निघाली की ती आधी त्या नकाशावर तपासतात.

मग माणसानं केलेल्या साखळीला अशी घडी घालायला शिकवता येईल का? या प्रश्नावर जगभरात गेली ३० वर्षं काम चालू आहे. कुणी प्रथिनाचा कणा थोडा बदलला. रोनाल्ड झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पेप्टॉइड सोप्या रीतीनं जोडायची पद्धत दिली. त्यात बाजूचा गट कार्बनवरून उचलून नायट्रोजनवर टांगलेला असतो, त्यामुळं पोटातले पाचक एन्झाइम त्याला सहसा ओळखत नाहीत आणि तोडत नाहीत. सॅम्युएल गेलमन यांनी अशा घडी घेणाऱ्या कृत्रिम साखळ्यांना 'फोल्डामर' हे नाव दिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही फोल्डामरवर काम झालं आहे. हे सगळं देखणं काम आहे, पण आपल्यासारख्यांसाठी दूरचं. एकेक मणी ठरलेल्या क्रमानं ओवायचा म्हणजे महागडं यंत्र, महागडी रसायनं आणि हातात पडणार काही मिलिग्रॅम. इथपर्यंत वाचून मी त्या पोरीला दिलेलं "नाही" हेच बरोबर वाटत होतं.

माझं मत फिरलं ते पुढच्या कामामुळं, आणि ते मी जरा सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टिंग शू यांच्या गटानं वेगळाच प्रश्न विचारला: क्रम इतका काटेकोर लागतोच का? निसर्गातली कितीतरी प्रथिनं एकमेकांसारखं काम करतात, पण त्यांचे क्रम जुळत नाहीत. म्हणजे कामाला पुरेसा असा काही ढोबळ हिशोब असला पाहिजे: पाण्याला घाबरणारे किती, भार असलेले किती, ते साखळीवर किती अंतरानं येतात. त्यांनी अनेक प्रथिनांच्या पृष्ठभागाचा असा हिशोब मांडला आणि फक्त चार मोनोमर, म्हणजे साखळीत ओवायचे मणी, घेतले. चारही मेथॅक्रिलेटच्या घरातले. मिथाइल मेथॅक्रिलेट तर आपल्या स्टोअरमध्येही असतं, अ‍ॅक्रिलिक काचेचा कच्चा माल. ते ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले आणि साखळी यादृच्छिक वाढू दिली. एकाही साखळीचा क्रम दुसरीसारखा नाही, पण सगळ्या मिळून हिशोबात बसतात. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांनी दाखवलं की ही साखळी एन्झाइमभोवती गुंडाळली तर जिथं एरवी त्याची घडी मोडून पडली असती अशा सेंद्रिय द्रावकातही ते एन्झाइम शाबूत राहतं आणि काम करतं. पेशीत हे राखणीचं काम काही खास प्रथिनं करतात. इथं ते मेथॅक्रिलेटनं केलं. २०२० मध्ये त्याच जातीच्या साखळीनं मेदाच्या पटलातून प्रोटॉन निवडून पलीकडं नेऊन दाखवले. तेही एरवी पटलातल्या प्रथिनाचं काम.

आपल्याला यातली कळीची गोष्ट अशी, की हिशोब पुरेसा असेल तर ओवायचं यंत्र लागत नाही. गोल बुडाचा चंबू, नायट्रोजनचा सिलिंडर, पाण्याचं तापक आणि नीट विचार केलेलं प्रमाण लागतं. ही चार तर आपल्याकडं आहेत.

यादृच्छिक साखळी म्हणजे कच्चं काम, असं कुणाला वाटेल तर ग्लॅटिरामर अ‍ॅसिटेट हे औषध बघा. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम यांनी ग्लुटामिक आम्ल, लायसीन, अ‍ॅलॅनीन आणि टायरोसीन ही चारच अमिनो आम्लं ठराविक प्रमाणात घेऊन यादृच्छिक साखळ्या केल्या. चेतातंतूंवरच्या मायेलिन या आवरणातल्या एका प्रथिनाची नक्कल करायचा उद्देश होता. आज ते मल्टिपल स्क्लेरॉसिस या चेतासंस्थेच्या आजारावरचं मान्यताप्राप्त औषध आहे; अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. त्या इंजेक्शनमध्ये एक नेमका रेणू नसतो, एका हिशोबात बसणारे असंख्य रेणू असतात.

आता विषाकडं परत येतो.

पहिल्या पावसानंतर काळ्या रानातून बैल गेला की खुराचा ठसा उमटतो. ऊन पडलं, चिखल वाळला की तो ठसा तसाच राहतो आणि त्यात त्याच खुराचा बैल नेमका पाय देऊ शकतो. रेण्वीय ठसा ही पद्धत अशीच आहे. ज्या रेणूला पकडायचं तो मोनोमरच्या मिश्रणात ठेवायचा, मोनोमर त्याच्याभोवती आपापल्या आवडीनं जमतात, मग साखळ्या घट्ट बांधून टाकायच्या आणि तो रेणू धुऊन काढायचा. मागं त्याच्या मापाची खाच उरते. १९७० च्या दशकापासून ही पद्धत आहे. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कामात थिओफिलिनचा ठसा घेतलेल्या पॉलिमरनं कॅफीन जवळजवळ ओळखलंच नाही. या दोन रेणूंत फरक एका मिथाइल गटाचा. प्रतिपिंडाच्या तोडीची पारख होती ती.

पुढं कॅलिफोर्नियातल्याच अर्व्हाइनच्या केनेथ शे आणि जपानमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाशीच्या विषातलं मेलिटिन निवडलं. २६ अमिनो आम्लांची साखळी, एक बाजू पाण्याला घाबरणारी, एकूण भार धन. म्हणून त्यांनी मोनोमरही तसेच घेतले: धन भाराला धरायला अ‍ॅक्रिलिक आम्ल, पाण्याला घाबरणाऱ्या बाजूसाठी ब्यूटिल गट असलेलं अ‍ॅक्रिलामाइड, आणि मुख्य कणा आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलामाइडचा. त्यातून पॉलिमरचे नॅनोकण केले. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की मेलिटिन टोचलेल्या जिवंत उंदरांच्या रक्तात हे कण विष पकडतात, आणि मरणाऱ्या उंदरांची संख्या कमी होते. घोड्याच्या रक्ताचा थेंब नाही, पूर्णपणे चंबूत तयार झालेला पदार्थ. पुढं २०१८ मध्ये याच गटाचं नागाच्या जातीच्या सापांच्या विषावरचं काम आलं. आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागाचं विष टोचलेल्या उंदरांत त्या कणांनी कातडी सडण्याचं प्रमाण कमी केलं. तिथं ठसाही घेतला नव्हता, फक्त मोनोमरचं प्रमाण विषाच्या स्वभावाला जुळेपर्यंत बदलत नेलं होतं. पुन्हा हिशोबच.

एक गोष्ट मी वर्गात दर वेळी सांगतो, इथंही ठासून सांगतो. हे औषध नाही. हे उंदरांवरचे प्रयोग आहेत, आणि घोणशीच्या बाबतीत वाट अजून लांब आहे. साप चावला तर आजही एकच उपाय: वेळ न घालवता रुग्णालय आणि लस. मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, चीर देणं नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला जवळपास ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यातली, रानात राबणारी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. ज्यांच्या पायाला साप चावतो त्यांच्या लेकरांच्या महाविद्यालयांत हा विषय शिकवला जात नसेल, तर तो आपण का शिकवत नाही हे आपणच आपल्याला विचारलं पाहिजे.

फवारणीचं उदाहरणही आपल्या रानातलंच. २०१८ च्या त्याच कामात टिंग शू यांच्या गटानं सेंद्रिय फॉस्फरस कुळातली विषं तोडणारं एन्झाइम त्या साखळीत गुंडाळून तंतूंच्या कापडासारख्या चटईत बसवलं. ती चटई कीटकनाशकात बुडवली तर काही मिनिटांत तिनं स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं विष निकामी केलं. कपाशीवर पाठीला पंप बांधून फवारणाऱ्या माणसाच्या अंगावरचा सदरा, तोंडावरचा रुमाल अशा कापडाचा असेल तर काय होईल, हा प्रकल्पाचा विषय नाही का? २०२१ मध्ये त्यांनीच पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि पॉलिलॅक्टिक आम्ल या पॉलिएस्टरमध्ये दोन टक्क्यांहून कमी एन्झाइम मिसळून असं प्लास्टिक केलं की कंपोस्टमध्ये किंवा साध्या नळाच्या पाण्यात काही दिवसांत ९८ टक्क्यांपर्यंत त्याचे लहान रेणू होतात. टरबूज-मिरचीच्या वाफ्यांवरचा आपला मल्चिंग पेपर पॉलिथिनचा असतो, त्याला हे लागू नाही. पण मल्चिंग पॉलिथिनचंच असावं असा काही नियम नाही.

आता आपल्या लॅबपुरतं.

मी गेल्या वर्षी काय केलं ते सांगतो. शेजाऱ्याकडून खराब कोष आणले. डाग पडलेले, जोडकोष, ज्यांना बाजारात भाव येत नाही असे. ते ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये अर्धा तास उकळले. वरचा सेरिसिनचा डिंक निघून गेला आणि खाली कापसासारखं पांढरंशुभ्र फायब्रॉइन राहिलं. ते कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाणी यांच्या १:२:८ या मोल प्रमाणातल्या गरम द्रावणात विरघळवलं, डायलिसिसच्या नळीत घालून क्षार काढले, आणि काचेवर ओतून पातळ पापुद्रा केला. त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर नायलॉन-६,१० ची दोरी: खाली डायअमाइनचं पाण्यातलं द्रावण, वर हेक्झेनमधलं सेबॅकॉइल क्लोराइड, आणि दोघांच्या सीमेवरून चिमट्यानं ओढत आणायचा धागा. दोन्हींचे इन्फ्रारेड आलेख, ज्यांवरून रेणूतले बंध ओळखता येतात, शेजारी शेजारी लावले. अमाइडचे पट्टे दोन्हीकडं. पोरं गप्प झाली. मग एक पोरगा म्हणाला, "सर, म्हणजे अळी आपल्याआधीपासून नायलॉन करतीय." पापुद्र्यावर मिथेनॉल टाकलं की पट्टे सरकतात, पापुद्रा पाण्यात विरघळेनासा होतो, घडी बदलल्याचं आलेखावर दिसतं. दोन वह्या एकमेकींना भेटल्या त्या दिवशी.

दुसरा प्रयोग फारच सोपा आणि आपल्या हवेला साजेसा. आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलामाइडचं पॉलिमर थंड पाण्यात विरघळतं, पण पाणी साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की साखळ्या पाणी सोडून गोळा होतात आणि द्रावण दुधासारखं होतं. थंड केलं की पुन्हा नितळ. प्रथिनाची घडी कशामुळं बसते, पाण्याला घाबरणारे गट आत का दडतात, हे याहून सोप्या रीतीनं दाखवता येत नाही. डिसेंबरात आम्ही नळी गरम पाण्यात धरायचो. एप्रिलमध्ये माठाच्या पाण्यातून नळी काढून टेबलावर ठेवली, दुपारचे दोन वाजले होते, वीज गेलेली, पंखे बंद. बघता बघता नळी पांढरी झाली. पोरांनी ती पुन्हा माठात बुडवली, नितळ झाली. तास संपला तरी कुणी उठेना. फक्त एवढी काळजी घ्या: अ‍ॅक्रिलामाइडच्या कुळातले मोनोमर चेतासंस्थेला घातक असू शकतात. हातमोजे आणि हूड याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

तिसरा, कॅफीनचा ठसा. चहापत्तीतून कॅफीन काढायचा प्रयोग आपण करतोच. त्याच कॅफीनचा मेथॅक्रिलिक आम्लात ठसा घ्यायचा, धुवायचा, आणि पुन्हा कॅफीन किती धरतो ते यूव्हीवर २७३ नॅनोमीटरला मोजायचं. शेजारी ठसा न घेतलेलं पॉलिमर ठेवायचं. या वर्षी एका गटाला हा प्रकल्प दिला आहे. पहिल्या दोन खेपांना फरक दिसला नाही, कारण आम्ही नीट धुतलं नव्हतं, आतलंच कॅफीन बाहेर येत राहिलं. ही चूक पोरांची पोरांनी शोधली.

अभ्यासमंडळांवरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की पॉलिमरच्या पेपरात एक घटक प्रथिनासारख्या वागणाऱ्या पॉलिमरचा असावा, आणि तो प्रथिनाच्या पाठाला जोडून शिकवला जावा. त्यासाठी एखादं जुनं प्रकरण कमी करावं लागलं तर करा. साच्यात प्लास्टिक ओतायच्या पद्धती आयटीआयचा पोरगा आपल्या पोरांपेक्षा चांगल्या शिकतो. प्रश्नपत्रिकेत "कृती लिहा"च्या जोडीला असा प्रश्न येऊ द्या: हे विष धन भाराचं आहे आणि त्याची एक बाजू पाण्याला घाबरते, त्याला धरायला तुम्ही कोणते मोनोमर घ्याल, आणि का? याचं एकच उत्तर नसतं. तपासणाऱ्याला त्रास होईल, पण पोराला विचार करावा लागेल.

आणि सहकाऱ्यांनो, यंत्रांचं बघू या. साखळीची लांबी मोजायला जीपीसी लागतं, कणांचा आकार बघायला प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं यंत्र लागतं. ही यंत्रं प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाहीत. माझे नमुने मला दर वेळी पुण्याला पाठवावे लागतात आणि आलेख येईपर्यंत सत्र संपतं. आठ जिल्ह्यांत मिळून अशी एक सोय असावी, वेळापत्रक ठरलेलं असावं, तालुक्याच्या पोरालाही तिथं स्वतः यंत्रापुढं बसता यावं. यासाठी आपण एकत्र मागणी केली तर ती ऐकली जाईल. एकट्यानं केलेल्या माझ्या मागणीला दोन वर्षं उत्तर आलेलं नाही.

हे सगळं मोठ्या शहरातल्या संस्थांचं काम आहे असं मला बरेच जण म्हणाले. त्यांना मी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव सांगतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. कोकणात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून बघितले, नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. लाल विंचवाच्या दंशानं होणारे ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू १ टक्क्यावर आले. त्यांच्यापुढं होता तो रुग्ण आणि त्याला वाचवायची तळमळ. आपल्यापुढंही तेच आहे. फक्त आपलं हत्यार चंबू आहे.

ती विद्यार्थिनी आता पुण्याला एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक आहे. मागच्या महिन्यात तिनं फोटो पाठवला: कुपीतलं दुधाळ द्रावण आणि खाली लिहिलेलं, "सर, माझे पहिले नॅनोकण."

शेजाऱ्याची पुढची बॅच दिवाळीनंतर निघणार आहे. खराब कोष तो मला फुकट देतो. ज्यांना प्रयोगासाठी हवे असतील त्यांनी आपल्या विभागाकडून निरोप धाडावा, एसटीच्या पार्सलनं पाठवतो. सोडियम कार्बोनेट मात्र ताजं घ्या. आमच्या स्टोअरमधलं जुनं ओलसर झालं होतं, पहिल्या खेपेला डिंक सुटलाच नाही.

आपला सहकारी,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक, बीड जिल्हा